न वाचलेली नावं

कुलूप लावलेल्या घरापुढची तुळस ओली दिसली की अजूनही माझे पाय थांबतात. केज तालुक्यातला तो गुन्हा माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळातला. तेव्हा मी ठाण्यात सहायक फौजदार होते. मुळात कमी बोलणारी. त्यामुळेच की काय, गाऱ्हाणं घेऊन आलेल्या बायका माझ्याच टेबलाशी येऊन बसायच्या.

आमच्या भागात तेव्हा एका हॅकरची चर्चा होती. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. आधी त्याने ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या एका मुकादमाच्या मोबाईलमधून मजुरांना दिलेल्या धमक्या काढून सगळीकडे पसरवल्या. मग एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा संगणक हॅक करून मापातली चोरी बाहेर काढली. चहाच्या टपरीवर कोणी त्याला हार घालायला निघायचा, कोणी हात तोडायला. तिसऱ्या वेळी तो एका खाजगी दवाखान्याच्या संगणकात शिरला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना कॅन्सरची भीती घालून त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. त्याने ते दाखवलंही. पण डॉक्टरच्या नावाबरोबर त्या बायकांची नावं, गावं, वयंही मोबाईलवर फिरली. गुन्हा दाखल झाला तो हॅकरवर, डॉक्टरच्याच फिर्यादीवरून.

त्या बायकांपैकी एक ठाण्यात आली. चाळिशी ओलांडलेली, विधवा. आवाज इतका खाली, की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"मॅडम, माझं नाव पुसा तेवढं."

"तक्रार कोणाविरुद्ध द्यायची, काकू?"

"तक्रार न्हाई. नाव पुसा. सुनंच्या माहेरच्यांनी बी वाचलं. टोळीतली पोरं मोबाईल बघून हसत्यात. या साली तोडीलाच गेले न्हाई मी."

माझ्या हातात काही नव्हतं. तसं सांगितलं, तशा त्या उठून निघून गेल्या.

सायबर शाखेने हॅकरच्या इंटरनेटचा माग काढत मोबाईल टॉवर शोधला. तो काकूंच्याच गावाचा निघाला. पण कारखाने सुरू झालेले, अर्धं गाव तोडीला गेलेलं. दारांना कुलपं, पुढे बाभळीच्या फांद्या लावलेल्या. तपास तिथेच अडकला.

काही दिवसांनी काकू पुन्हा आल्या.

"शेजारच्या घरात कोन तरी शिरतंय, मॅडम. घरचे तोडीला गेलेत. त्यांची तुळस माझ्याकडं हाय. सकाळी पानी घालाया जाते, तर माती आधीच वली. चोर असता तर त्यानं तुळशीला पानी कावून घातलं असतं?"

मी हे ठाण्याच्या साहेबांच्या कानावर घातलं. टॉवर त्याच गावचा होता, म्हणून पंच घेऊन आम्ही मागच्या बाजूने घर घेरलं. आत पंचविशीचा तरुण, चुलीशेजारी लॅपटॉप, खांबावरून ओढलेली वायर. त्याच घरचा मुलगा. तो पुण्यात नोकरी करतो, असं गाव समजत होतं.

ठाण्यात तो घाबरला नाही. "साहेब, तुमच्या संगणकाचा पासवर्ड ठाण्याचंच नाव हाय. आधी तो बदला."

"लई शहाना हायेस बे," साहेब म्हणाले. "लॅपटॉप उघड."

"न्हाई उघडत. त्या बायांसाठी केलं मी. तुमी त्या डॉक्टरला हात तरी लावला का?"

साहेबांनी लॅपटॉप टेबलावर बाजूला सरकवला. भीतीने माणूस बोलतो, लोभाने बोलतो. पण आपण बरोबर आहोत असं ज्याला वाटतं, त्याला बोलतं करणं फार अवघड असतं.

काकूंना जबाबासाठी बोलावलं होतं. चोर कोण, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दारातून त्याला पाहिलं.

"तू? घरात होतास तर भाकर मागायची न्हाईस व्हय रे? आन पानी तूच घालायचास?"

"आई फोनवर रोज म्हनते, तुळस वाळली असंल," तो खाली बघत म्हणाला. आई-बाप तोडीला गेले की हा काकूंच्या घरी राहून शाळा शिकला होता, हे मला तेव्हा कळलं. काकूंची नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर गेली.

"म्हंजे ते नावांचं तूच केलंस?"

"डॉक्टरला उघडं पाडायला केलं, काकू."

"त्यात माझं बी हाय."

तो हसायला गेला आणि थांबला. "तुमचं कसं असंल?"

"दवाखान्यात डबा घेऊन तूच तर आलतास. पोटाचं ऑपरेशन म्हून सांगितलं होतं तुला."

तो म्हणाला, "मी नावं वाचलीच न्हाईत, काकू. फाईल आली, तशीच सोडली."

"मग आता पूस."

"लोकांच्या मोबाईलमधलं न्हाई पुसता येत."

त्यानंतर त्याने स्वतःच पासवर्ड सांगितला, सगळं कबूल केलं. काकूंना एवढंच म्हणाला, "डॉक्टरविरुद्ध तक्रार तरी द्या. न्हाईतर हे समदं वाया गेलं."

काकू तयार झाल्या. मी तक्रार लिहून वाचून दाखवली. अंगठ्याला शाई लावताना त्यांनी विचारलं, "ह्यात बी माझं नाव लागतं?"

"लागतं, काकू."

"कुठं हाय ते दावा."

मी बोट ठेवलं. त्यांनी अंगठा नेमका तिथेच दाबला आणि नाव पार झाकून जाईपर्यंत फिरवला.

"येवढं तरी पुसलं," म्हणाल्या, आणि पदराला बोट पुसत निघून गेल्या. नावाशिवाय ती तक्रार दाखल होणार नव्हती. मी मागे गेले, पण थांबा म्हणायचा धीर झाला नाही.

त्याला शिक्षा झाली. डॉक्टरविरुद्ध तक्रार द्यायला पुन्हा कोणीच आलं नाही. त्या मुलाची तळमळ खोटी नव्हती, हे मी आजही सांगते. पण ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांची नावं आधी एकदा वाचावीत, त्यांना विचारावं, एवढं मी त्या केसमधून शिकले. नंतर माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न तोच विचारला: नाव लिहू का? पुष्कळ जणी तेवढ्यावरच उठून गेल्या.