कप्तानाच्या जागी

त्याला सगळे बत्तीशी म्हणायचे, कारण तो कवळ्या करायचा. शहरातले दातांचे डॉक्टर त्याच्याकडे लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवत आणि तो घराच्या पुढच्या खोलीत बसून मेण वितळवत, दात बसवत, घासत, चमकवत दिवस काढायचा. खोलीभर प्लास्टरची पांढरी भुकटी, फळीवर ओळीने उघडे जबडे. नवा माणूस आत आला की दचकायचा, मग हसायचा, आणि हसताना नकळत तोंडावर हात धरायचा.

आतल्या खोलीत त्याचे बाबा होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते. मग अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि ते पलंगाला खिळले. बोलणं संथ झालं, पण डोकं शाबूत. आई आधीच गेलेली. बत्तीशीने लग्न केलं नाही. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि कुणी खोदून विचारलंही नाही. ताई लांबच्या शहरात दिलेली. ती यायची, पण पाहुणीसारखी. बाबांचं अंघोळपाणी, औषध, कूस बदलणं, सगळं त्यानेच अंगावर घेतलं होतं.

त्याचे मित्र दोनच, शाळेपासूनचे. एक कप्तान. शहराची बस चालवायचा आणि स्टिअरिंगमागे असा बसायचा की जणू जहाज हाकतोय. दुसरा किल्लीवाला. कुलपं-किल्ल्यांचं दुकान, आणि हात इतका आखडता की कुणाच्या घरी गेला तरी दिवा बंद करून उठायचा.

आल्प्सच्या डोंगरांतून गाडी चालवायची, हे खूळ कप्तानाचं. बसचा तोच तो रस्ता, तेच थांबे, यांनी तो विटला होता. दर रविवारी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला जायचा. कुठली खिंड आधी, मुक्काम कुठे, गाडी कुठून भाड्याने घ्यायची, यावर तिघं तास तास खल करायचे. कप्तानाची बायको, म्हणजे वहिनी, कपांसाठी नकाशाचा कोपरा उचलायची, चहा ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. रविवार हा तिचा धुण्या-पुसण्याचा दिवस.

अशी तीन वर्षं गेली. दर वर्षी बर्फ वितळायचं, तिकडच्या खिंडी उघडायच्या, आणि इकडे घोडं तिथेच अडायचं.

एका रविवारी बाबांना ताप होता म्हणून बत्तीशीला घर सोडता येईना. तेव्हा ते दोघंच त्याच्याकडे आले. जबड्यांच्या फळीखाली नकाशा पसरला.

"यंदा तरी जमतंय का?" किल्लीवाल्याने विचारलं.

"बाबांना टाकून कसा येऊ?"

"टाकून कोण म्हणतंय? काका आहेत तोवर थांबूच की आपण. नंतर मग मोकळेच आहोत."

कप्तानाने त्याच्याकडे असं पाहिलं की किल्लीवाल्याचा हात बशीवरच राहिला. आतलं दार अर्धवट उघडं होतं.

बत्तीशीला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. त्याच्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं हाच हिशेब आपणही मनात मांडतोय, फक्त आपण तो तोंडाने बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांची दाढी करत होता. गालाला साबण, हातात वस्तरा.

"तोवर म्हणजे कधीपर्यंत रे?" बाबांनी विचारलं.

त्याचा हात थांबला. "बाबा, तो मूर्ख आहे. त्याच्या बोलण्याला काय..."

"तो मूर्ख नाही. आणि मी रागावलोही नाही. पडल्या पडल्या मीही दुसरा कसला हिशेब करतो? पण डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. माझ्या भरवशावर राहिलात तर तुम्ही तिघं काठ्या टेकत डोंगर चढाल." मग थोडं थांबून म्हणाले, "तो गाल राहिलाय. आणि ताईला फोन लाव. मी बोलतो."

बाबा बोलले, मग फोन त्याच्या हातात आला. तो चाचरत, शब्द जुळवत राहिला. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कधी नाही म्हणाले होते का? तूच कुणाला हात लावू देत नाहीस. आले की म्हणतोस, तू बस, तू दमली असशील."

"मग कधी येशील?" त्याने विचारलं.

तेव्हापासून रविवारची बैठक बाबांच्या पलंगाशी भरू लागली. नकाशा त्यांच्या पांघरुणावरच पसरायचे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत किती तरी दिवसांनी पाणी चमकलं, पण ते दुःखाचं नव्हतं. बाबा कप्तानाची परीक्षाच घ्यायचे.

"उतारावर काय करशील?"

"काका, मी रोज बस चालवतो."

"सपाटीवरची. काय करशील ते सांग."

"ब्रेक जपून मारीन."

"ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ब्रेक तापतील आणि ऐन वळणावर दगा देतील. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. घाई नाही करायची. डोंगर कुठे पळून जात नाही."

कप्तान शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान हलवायचा. तारीख ठरली. किल्लीवाल्यानेसुद्धा कुरकुर न करता नवे बूट घेतले.

आणि वसंत संपता संपता कप्तान गेला. डेपोत बस लावली, चाव्या दिल्या, आणि बाकावर टेकला. सोबतच्या चालकाला वाटलं, डोळा लागलाय. चहा घेऊन तो उठवायला गेला तेव्हा सगळं संपलं होतं.

बत्तीशीने ते बाबांना सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पाळी माझी होती."

पुढचे कित्येक रविवार कुणी कुणाकडे गेलं नाही. किल्लीवाला दुकानातून हलेना. शेवटी बत्तीशीने ठरवलं की वहिनीला एकदा सांगून मोकळं व्हावं. तो गेला तेव्हा ती दारात व्हॅन धूत होती.

"वहिनी, आम्ही जाणं रद्द केलंय. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

"का?"

"गाडी कोण चालवणार? किल्लीवाल्याची नजर अधू. मी तर शहराबाहेर कधी नेलेलीच नाही."

तिने फडकं पिळलं. "मी चालवते ना."

त्याला वाटलं, ती व्हॅनबद्दल बोलतेय. "हो, ते माहीत आहे. पण तिकडे डोंगर..."

"तीन वर्षं माझ्या टेबलावर डोंगरच पसरून बसला होतात. मला त्या सगळ्या खिंडी पाठ आहेत. चहा ठेवताना नकाशा मीच उचलायचे. एकदा तरी कुणी म्हणालात का, वहिनी, तुम्हाला यायचंय?"

"कप्तान कधी काही बोलला नाही."

"त्यांना वाटायचं, हिला घर सुटत नाही. मला वाटायचं, यांना मित्रांबरोबरच जायचंय. विचारायचं राहूनच गेलं." ती पुन्हा व्हॅनच्या काचेकडे वळली. बराच वेळ ती एकच काच पुसत राहिली आणि तो बादलीजवळ उभा राहिला.

वहिनी गाडी चालवणार हे ऐकून किल्लीवाला म्हणाला, "लोकांच्या जिभेला हाड नसतं. एवढ्यातच नवरा गेलेली बाई, आपण दोघं पुरुष."

हे वहिनीच्या कानावर गेलं आणि तिने त्याला तोंडावर उत्तर दिलं. "लोक रोज सकाळी आपली पोरं माझ्या गाडीत बसवतात. त्यांचा माझ्यावर भरवसा आहे. तुमचा नसेल तर तसं सांगा."

किल्लीवाल्याने मान खाली घातली.

निघण्याआधी ती बाबांना भेटायला आली. ते तिच्याकडे बघेनात. "मी इथे लोळतोय," ते म्हणाले, "आणि तो धडधाकट..."

"काका, पाळी लावून कुणी जात नाही," ती म्हणाली. तिने त्यांचा लुळा हात उचलून पांघरुणात नीट ठेवला. "आता उताराचं पुन्हा सांगा. मी लांबून ऐकलंय, जवळून नाही."

बाबांनी सांगितलं. यावेळी अर्धा तास लागला.

ताई आली. बत्तीशीने तिला सगळं दाखवायला सुरुवात केली. कुठली उशी कुठे, पाणी किती कोमट. अर्ध्यावरच तो थांबला आणि म्हणाला, "तुला जमेल तसं कर." ताईने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं.

तिकडचा उन्हाळा सरता सरता, खिंडी बंद व्हायच्या आत, ते तिघं त्या रस्त्यावर पोहोचले. वळणांमागून वळणं, एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. वहिनी संथ चालवत होती. मागच्या गाड्यांना पुढे जायला वाट देत होती. दोघंही मागे बसले होते. तिच्या शेजारची जागा कुणीच घेतली नव्हती.

माथ्यावर तिने गाडी थांबवली आणि एकटीच उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. समोर बर्फाची शिखरं इतकी स्वच्छ दिसत होती की हात लावावासा वाटावा. तिचे खांदे हलू लागले. किल्लीवाला दार उघडून निघाला, तेव्हा बत्तीशीने त्याची बाही धरली. दोघं आतच बसून राहिले.

ती परत आली, स्टिअरिंगमागे बसली, नाक पुसलं.

"एक जण पुढे या," ती म्हणाली. "उतार मोठा आहे. एकटीला कंटाळा येतो."

बत्तीशी उतरला आणि पुढे जाऊन बसला.

परत आल्यावर बाबांना सगळं सविस्तर हवं होतं. बत्तीशीला सांगता येईना. तो म्हणायचा, "छान होतं, बाबा," आणि पुढे शब्द संपायचे. मग वहिनीच रविवारी येऊ लागली. ताईसुद्धा आता न बोलावता येते आणि हक्काने पलंगाची दिशा बदलते. आत वहिनी एकेक वळण सांगत असते, कुठे दुसरा गिअर, कुठे समोरून बस आली, कुठे छातीत धस्स झालं. बाबा मध्येच तिला थांबवून पुन्हा विचारतात. बाहेरच्या खोलीत बत्तीशी कुणाची तरी कवळी घासत असतो, आणि आतलं बोलणं चढाला लागलं की मशीन बंद करून ऐकत राहतो.