पाठीवरचे केस

ऐंशीच्या दशकात गडचिरोलीकडच्या एका लहानशा दवाखान्यात मी नर्स होते. एकदा जंगलातल्या एका गावाहून बैलगाडीतून पहिलटकरीण आली. बाळ आडवं होतं. सिझर करायचं ठरलं. भूल द्यायला वेगळा डॉक्टर नव्हता, आमचे डॉक्टरच पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करत.

मी तिला कुशीवर वळवून पाठ वाकवून धरली. कमरेशी, बरोबर मणक्यावर, केसांचा एक झुबका होता. नवल वाटलं, पण मी बोलले नाही. डॉक्टरांनी त्यावरूनच आयोडीनचा बोळा फिरवला.

सुई शिरताच ती किंचाळली, "सोडा मले, पायात करंट गेला!"

मी आणखी घट्ट धरलं. डॉक्टरांनी सुई मागे घेऊन पुन्हा दिली. थोड्या वेळानं मुलगी जन्मली, खणखणीत रडली.

दुसऱ्या दिवशी उजव्या पायात जीव आला, डाव्या पावलात नाही. लघवीची नळी काढली तर अंथरूण भिजलं. ती लुगड्यानं ओल झाकत होती. "मले समजलंच नाई, बाई. मी का लहान लेकरू आहो?"

नागपूरला पाठवलं, तिथून चिठ्ठी आली. एरवी मज्जारज्जू सुईच्या जागेच्या वरच संपतो; अशा पाठीत तो जन्मापासून खाली अडकलेला असू शकतो, वरचे केस ही त्याची खूण. सुई त्यालाच लागली असावी.

डॉक्टरांनी विचारलं, "केस तुला दिसले होते?"

"हो."

"मलाही," म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.

पुढच्या आठवड्यात, ती नागपूरहून घरी परतल्यावर, ते मला घेऊन तिच्या गावी गेले. अंगणात उभे राहून त्यांनी सांगितलं, "हे आमच्या हातून झालं."

नवऱ्यानं विचारलं, "मंग आता चालंल का थे?"

"सांगता येत नाही."

कुणी ओरडलं नाही. सासूनं आम्हाला पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात गावातल्या बाया तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेल्या, ती दारात बसून राहिली, असं नंतर कानावर आलं.

चार-पाच वर्षांनी ती मला बाजारात भेटली. काठी टेकत, पाऊल ओढत चालत होती. सोबत मुलगी. तिनं मला लगेच ओळखलं.

"त्या दिवशी मी सोडा म्हणत होती. तुमी मले काऊन धरून ठेवलं, बाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मुलीला जवळ घ्यायला वाकले. ती मागे सरली आणि आईच्या लुगड्याआड जाऊन उभी राहिली.