आधी गाव, मग जखम

रक्ताने माखलेला माणूस दारातून आत आला की बाकीचे सगळे त्याच्या जखमेकडे धावायचे आणि मासी त्याला विचारायच्या, "गाव कोणतं?" डोकं फुटलेलं असो, बोट मशीनमध्ये सापडलेलं असो, हा प्रश्न काही चुकायचा नाही. आमचे गुजराती डॉक्टर वैतागून म्हणायचे, "मासी, पहेलां पाटो, पछी गाम!" आधी पट्टी, मग गाव. मासी पट्टीचा ट्रे मुकाट्याने पुढे करायच्या, पण उत्तर ऐकल्याशिवाय तिथून हलायच्या नाहीत.

सुरतेच्या दवाखान्यांत आयाबाईंना सगळे मासीच म्हणतात. आमच्याकडे तशा चार होत्या; ही गाववाली मासी. ठेंगणी मूर्ती, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंडात अर्धी अहिराणी, अर्धी गुजराती. बेडपॅन असो की उलटीचं भांडं, त्या असं उचलायच्या की जणू देवघरातलं तबकच. फक्त स्टाफला लस टोचायचा दिवस असला की त्यांना नेमकं लाँड्रीत काम निघायचं. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी तिथे नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणून गेले. अप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायचे, आई आणि ताई डिंडोलीच्या आमच्या खोलीत साड्यांवर खडे चिकटवायच्या. माझा स्वभाव असा, की गल्लीत कोणी कोंबडी कापायला घेतली तर मी दुसऱ्या गल्लीत जायची. मग नर्सिंगला गेलीस कशाला, असं कोणीही विचारेल. खरं सांगते, पांढऱ्या कपड्यांसाठी गेले. आमच्या घरात एकही कपडा डागाशिवायचा नव्हता. इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून जिना उतरायचा, एवढंच माझं स्वप्न होतं. त्या युनिफॉर्मवर काय काय उडणार आहे याचा विचार केलाच नव्हता.

तिसऱ्याच दिवशी फजिती झाली. दोघांनी धरून एका कामगाराला आत आणलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक, बोटांवरून थेंब गळतायत. मी किंचाळले, एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी पलंगावर होते आणि तोच कामगार स्टुलावर बसून स्वतःच्या केसपेपरने मला वारा घालत होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मिलच्या उकाड्यात चक्कर आली म्हणून आणला होता, आणि हाताला होता तो साडीचा रंग!

मासींनी कपाळाला हात लावला. "मिलवालानी पोर व तू, आनि रंगले घाबरनी?"

सगळा वॉर्ड हसला. तो कामगारही हसला. मला मात्र रडू कोसळलं. रोज संध्याकाळी अप्पा तसेच हात घेऊन घरी यायचे, मोरीत बसून घासघास घासायचे, आणि त्याच हातांनी मला भाकरी मोडून द्यायचे. मला माझ्या बापाचे हात ओळखू आले नव्हते. ज्या पोरीला रंग सोसत नाही, ती रक्त काय सोसणार? मी लाँड्रीच्या खोलीत जाऊन मासींना सांगून टाकलं, "मी उद्यापासून येत नाही. घरी बसून खडे लावीन."

मला वाटलं, त्या समजूत घालतील. त्या चादरीच्या घड्या घालत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "उद्या एक डाव ये. मंग जाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थेट सात नंबरच्या पलंगापाशी नेऊन उभं केलं. साखरेच्या आजाराने पाय चिघळलेले एक बाबा होते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने पट्टी सोडली आणि तो वास आला. मी मागे सरकले तर मागे मासी उभ्या.

"पायकडे नको देखू," त्या कानात म्हणाल्या. "तोंडकडे देख. गाव इचार."

मी विचारलं. बाबा म्हणाले, "अमळनेरजवळचं." माझ्या आजोळापासून चार कोसांवरचं! मग बाबा सुटलेच. तिथल्या वांग्यांचं भरीत, बोरी नदी, मोठ्या मुलाबरोबर सुरतेला आले तो दिवस. सिस्टरने मागितलेला गॉज मी देत होते, ट्रे धरत होते, आणि ऐकत होते. पट्टी बांधून झाल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, आज दुखलं नाही बघ." मी हसले, बाहेर गेले आणि भडाभडा ओकले. तोंड धुऊन परत आले तर दारात मासी, हातात बडीशेप.

"परत उनी ना?" त्या म्हणाल्या. "मंग व्हयनं." परत आले ना, म्हणजे झालं.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला कधीच कशी किळस येत नाही? त्या म्हणाल्या, "माले पन मळमळ व्हस. पन गाव समजनं, की मंग तो पाय कोनाना तरी पाय व्हस." नुसता पाय असला की किळस येते, कोणाचा तरी असला की येत नाही. कॉलेजच्या तीन वर्षांत मला इतकं नीट कोणी शिकवलं नाही.

आज मी त्याच दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. मासी निवृत्त होऊन डिंडोलीत लेकीकडे राहतात. गेल्या महिन्यात त्या दवाखान्यात आल्या, गॅलरीतला पत्रा पायाला लागून कापलं होतं. जखम मी धुतली. त्या निवांत गप्पा मारत होत्या. मग मी धनुर्वाताच्या इंजेक्शनची सिरिंज हातात घेतली आणि मासींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्या युनिफॉर्मची कड घट्ट पकडली.

"सुई नको व माय. गोळी दे."

तेव्हा कुठे मला लशीच्या दिवसांचं लाँड्रीतलं काम उमगलं. हसू आवरेना. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "मासी, गाव कोणतं?"

"माले इचारस?" त्या चिडल्या. आणि माझ्या ध्यानात आलं, मला ते खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं दारातून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी गाव विचारलं होतं. त्यांना कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"साक्रीकडलं," त्या हळूच म्हणाल्या. "पांझरा नदीना काठे. शाळा त्या काठले. मी परकर वर धरीसन पानीमाईन जाऊ..."

त्या सांगत होत्या. सुई केव्हाच टोचून झाली होती. मी दंडावर कापूस दाबून धरला आणि म्हटलं, "मग? पुढे?"