वसतिगृहामागची कर्दळ

"नाही म्हणाले ना? म्हणजे ऐकून तरी घेतलं," असं म्हणत मॅडम पर्सची चेन फर्रकन ओढायच्या आणि उठायच्या. कुठल्याही कंपनीचा स्वागतकक्ष असो, कुठल्याही साहेबांची केबिन असो, नकार मिळाला की हेच वाक्य आणि हीच चेन. मग माझ्याकडे बघून, "चल, काढ स्कूटर."

स्कूटर माझी होती, म्हणून तर मी या भानगडीत पडले. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि मॅडम वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख होत्या. स्टाफरूममध्ये त्या आल्या की दोनतीन जणांना अचानक तास आठवायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ते मदत मागायला आलं की लोक मागच्या दाराने सटकतात. आमच्या मॅडमनी मागची दारंही पाहून ठेवली होती.

त्यांना हवं तरी काय होतं? आमचं कॉलेज हडपसरच्या पुढे, उतारावर. मुलींच्या वसतिगृहाचं आंघोळीचं आणि खानावळीचं पाणी मागच्या बाजूने उघड्या चरातून खाली जायचं, थेट वस्तीत. कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला आलेली माणसं तिथे राहायची, बरीचशी विदर्भातली. चर त्यांच्या दारांपुढून वाहायचा. उन्हाळ्यात वास असा यायचा की जेवताना लोक दारं लावून घ्यायचे. मॅडमना वसतिगृहामागच्या रिकाम्या जागेत खडी-वाळूचे थर घालून त्यात कर्दळ लावायची होती. कर्दळीच्या मुळांमधून पाणी झिरपत गेलं की बरंच साफ होतं. वस्तीकडे जाईल ते साफ पाणी जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. जागा आमची, पैसे तुम्ही आणा. मेपर्यंत नाही जमलं तर तिथे पार्किंग करू. मुलं हल्ली गाड्यांवर येतात." कल्पना उत्तम आहे, असं आमच्याकडे म्हणाले की समजायचं, खिशात हात जाणार नाही.

मग सुरू झाली आमची वणवण. एका सरकारी योजनेत गाव हवं होतं, दुसरीत शहर. आमचा भाग नुकताच पालिकेत आलेला. गाववाले म्हणायचे तुम्ही शहरात गेलात, शहरवाले म्हणायचे तुम्ही अजून आमच्या नकाशात नाही. मॅडम पालिकेच्या खिडकीतल्या गृहस्थांना म्हणाल्या, "अहो, मग आम्ही राहतो तरी कुठे, तेवढं लिहून द्या. घरी पत्रं येतात आमच्या." त्यांनी काही लिहून दिलं नाही.

एका परदेशी संस्थेच्या अर्जात विचारलं होतं की प्रकल्प शाश्वत कसा राहील. मी शब्दकोश काढून तीन परिच्छेद खरडले. मॅडमनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, शाश्वत म्हणजे मी मेल्यावरही चालेल ते. एवढंच लिही." मी अर्थातच एवढंच लिहिलं नाही. तरी नकारच आला.

शेवटी आम्ही काचेच्या इमारतींकडे वळलो. तेव्हा आमच्या बाजूला त्या भराभर उठत होत्या. कालपर्यंत उसाची शेतं होती तिथे गळ्यात पट्टे घातलेली मुलं कॉफीचे कप घेऊन फिरायची. फाटकावरचा पहारेकरी विचारायचा, "लॅपटॉप? पेन ड्राइव्ह?" मॅडम शांतपणे सांगायच्या, "कर्दळ." पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले कोंब असायचे, साहेबांना दाखवायला. त्या बिचाऱ्याने एकदा खरोखरच रजिस्टरात 'कर्दळ, एक पिशवी' असं लिहून सही घेतली. परत जाताना पिशवी मोजूनही घेतली.

अशाच एका कंपनीत श्वेता भेटली. सामाजिक कामाचा विभाग तिच्याकडे होता. वयाने माझ्याएवढीच, बोलायला चटपटीत. तिने सगळं नीट ऐकलं, चित्रं पाहिली, आणि दुसऱ्या भेटीत म्हणाली, "मॅडम, ॲप्रूव्ह झालंय! फक्त एकच आहे. लोकेशन बदलावं लागेल. मेन गेटजवळ करू या. म्हणजे आमचे क्लायंट आले की दाखवता येईल, आणि बोर्डही छान दिसेल."

मी आनंदाने मॅडमकडे पाहिलं. त्या श्वेताकडे पाहत होत्या.

"गेट वरच्या अंगाला आहे," त्या म्हणाल्या. "पाणी चढत नाही हो."

"पंप लावता येईल ना?"

"येईल की. त्याचं विजेचं बिल आपण भरणार का? कायम?"

"तसं नाही, फंडिंग वन टाइम असतं..."

"मग आम्ही खालीच बरे आहोत. आपण वेळ दिलात, आभारी आहे." आणि चेन फर्रकन ओढली गेली.

रस्त्यावर आल्यावर मी भांडले. चांगलीच भांडले. हातात आलेले पैसे, मेपर्यंतची मुदत, आणि या बाईंना जागेचा हट्ट! आधी गेटजवळ घ्यायचं, मग पुढचं पुढे, असं मी बोलत राहिले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गेटजवळ केलं की सगळ्यांना वाटणार झालं काम. मग वस्तीसाठी परत कोण पैसे देणार?" यावर मी स्कूटर जोरात चालवली. त्या मागे बसून "हळू" एवढंच म्हणत होत्या.

संक्रांत झाली. मॅडमनी जाहीर केलं की त्या हळदीकुंकू करणार, आणि तेही वस्तीत. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, कारण मॅडमचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक ज्येष्ठ बाई हळूच म्हणाल्या, "आपण कसं काय हळदीकुंकू करणार?" मॅडम म्हणाल्या, "आपण या तर खऱ्या. कसं करतात ते दिसेलच." वस्तीत सुमन नावाची बाई होती, मूळची अकोल्याकडची. तिच्या अंगणात सतरंजी घातली. वाण म्हणून प्रत्येकीला कर्दळीचा एक कोंब. आणि या हळदीकुंकवाला त्यांनी श्वेताला बोलावलं होतं.

मला वाटलं, ती कशाला येते! पण आली. छान रेशमी साडी नेसून, गाडी वर ठेवून, उतारावरून जपत जपत आली. सुमनच्या दाराशी यायला चर ओलांडावा लागायचा, त्यावर एक फरशी टाकलेली होती. फरशी डुगडुगली आणि श्वेताचा पाय सँडलसकट चरात. घोट्याच्या वरपर्यंत काळं, तेलकट पाणी. साडीचा काठ गेला.

"थांबा ताई, हलू नका, मी पानी घेऊन येऊन राहिले," म्हणत सुमन आत पळाली आणि कळशी घेऊन आली. स्वतः खाली बसून तिने श्वेताचा पाय धुतला, साबण लावून, पुन्हा पुन्हा पाणी ओतून. अख्खी कळशी संपली. पाहुणीचा पाय धुताना किती पाणी लागलं ते बघायचं नसतं, असं तिच्या घरचं वळण.

श्वेता अवघडून म्हणाली, "राहू द्या हो, कशाला एवढं पाणी?" मग बोली ओळखून तिने विचारलं, "तुम्ही अकोल्याच्या काय? मी मूर्तिजापूरची."

"अवं बाई! मंग त आपल्याच हाय तुमी." सुमन खुलली. मग चराकडे बोट दाखवून म्हणाली, "नळाचं पानी सकाळीच येते, तेवढंच. आन हे दिवसभर येते. वरच्या पोरी आंगोळी करते ना, त्यायचं."

श्वेताने वर पाहिलं. तिथून वसतिगृहाची मागची भिंत, त्यातून निघालेला पाइप आणि खाली रिकामी जागा, सगळं एका रेषेत दिसत होतं. मॅडम तोवर दुसऱ्या बायकांना कुंकू लावत होत्या, आणि त्याही मॅडमना लावत होत्या. प्रकल्पाचा त्यांनी त्या दिवशी एक शब्दही काढला नाही. त्यांच्या कपाळावरचं ते ठसठशीत कुंकू बघून मला भरून आलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

परतताना मी विचारलं, "मॅडम, फरशी डुगडुगते हे तुम्हाला माहीत होतं?"

"वस्तीत सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी हळदीकुंकवाला बोलावलं. पाय तिचा तिने घातला."

पैसे आले, आणि वसतिगृहामागच्याच जागेसाठी आले. श्वेता तिच्या साहेबांशी काय भांडली कोण जाणे. मे उजाडायच्या आत खड्डा खणून खडी पडली होती. सुमन आणि तिच्या शेजारणींनी वाणाचे कोंब जपले होते, तेच आधी लागले. पावसाळ्यानंतर कर्दळ माणसाच्या उंचीची झाली, लाल-पिवळी फुलली आणि वस्तीतली दारं जेवतानाही उघडी राहायला लागली. मी दर महिन्याला पाणी तपासायची. ते पिण्याजोगं नव्हतंच, पण सडा घालायला, झाडांना, कपड्यांना उत्तम. चेन ओढत मॅडम तोवर दुसऱ्या एका कॉलेजासाठी पैसे मागायला निघाल्याही होत्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या, धायरीला मुलीजवळ राहायला गेल्या, आणि तिथेच गेल्या.

कॉलेजात शोकसभा झाली. अध्यक्षांनी जाहीर केलं की मॅडमचा अर्धपुतळा उभारायचा, त्यांच्या लाडक्या कर्दळीतच, मधोमध, चौथरा बांधून. टाळ्या पडल्या. मी कशी उभी राहिले मला कळलं नाही.

"सर, चौथऱ्याला निम्मी खडी काढावी लागेल. घाण पाणी परत वस्तीत जाईल."

"आपल्या सगळ्यांच्या भावना आहेत त्यात," अध्यक्ष म्हणाले. "यावर नंतर बोलू."

"आत्ताच बोलू," मी म्हटलं. "खडी तुंबत चालली आहे. कर्दळ दाटली आहे. पुतळ्याचे पैसे खडी धुवायला द्या."

मागच्या रांगेतून सुमन उठून उभी राहिली. मग तिच्या शेजारच्या बायका. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि अध्यक्ष 'बरं' म्हणेपर्यंत बसल्या नाहीत. त्यांना ते म्हणायला बराच वेळ लागला. खडी धुण्याचा फोटो चांगला येत नाही, हे त्यांचंही खरं होतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही कामाला लागलो. वसतिगृहातल्या मुली, वस्तीतल्या बायका आणि मी. खडी उपसली, धुतली, परत भरली. कर्दळ विरळ करून लावली. संध्याकाळी पाणी सोडलं आणि सगळ्याजणी खालच्या तोंडाशी जाऊन थांबलो. आधी गढूळ आलं. बराच वेळ गढूळच येत राहिलं, मग हळूहळू निवळलं आणि तळाची फरशी दिसायला लागली.

मी मागे वळून म्हटलं, "मॅडम, आलं बघा."

मागे कोणी नव्हतं. सुमनने माझ्याकडे पाहिलं, तोंडाशी भरलेली बादली उचलून बाजूला ठेवली आणि हात पुढे केला.

"आना," ती म्हणाली, "दुसरी बादली द्या इकडं."