ऑर्बी टटल यांची मान

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या दक्षिण भागातील त्या दरीत ऑर्बी टटल यांच्या मानेइतकी सुविख्यात वस्तू दुसरी नव्हती. अडतीस वर्षे त्यांनी टपालाची गाडी हाकली. वाटेवरच्या प्रत्येक अंगणातून कोणी ना कोणी हात उंचावी, आणि दोन्ही हात गाडीचे चाक व पत्रांचे गठ्ठे यांत गुंतलेले असल्यामुळे ऑर्बी त्या स्नेहाचा स्वीकार मानेनेच करीत. पुढे नोकरी संपली, टपालाची गाडीही गेली. मान मात्र निवृत्त झाली नाही. माणसापुढे, घोड्यापुढे, एवढेच काय, तारेवर वाळत घातलेल्या सदऱ्यापुढेही ती सारख्याच विनयाने लवत असे.

अशी मान घेऊन लिलावाला जाणे हे साहसच. दर मंगळवारी सकाळी आमिश मंडळी, म्हणजे मोटार-विजेवाचून जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी, आपल्या भाज्या आणि रोपे लाकडी गाड्यांवर रचून त्या उघड्या छपरीत आणीत, आणि तिथे मान हलली की बोली लागली, असा नियम. अकरा वर्षांपूर्वी, नोकरी संपली त्याच साली, ऑर्बी तिथे प्रथम गेले तेव्हा त्यांनी परिचितांना अभिवादन केले आणि तासाभरात तीस कोबी, सहा लटकत्या कुंड्या व टोपलीभर सलगम यांचे ते धनी झाले. लिलाव पुकारणारा एझ्रा श्लाबाक हा कंबरेपर्यंत दाढी रुळणारा, न्यायी वृत्तीचा गृहस्थ. त्याने सगळा माल परत फिरवला आणि भर छपरीत जाहीर केले, "आजपासून ऑर्बींची मान धरायची नाही."

त्या दिवसापासून ती आज्ञा शास्त्रवचनासारखी पाळली गेली. ऑर्बी दर मंगळवारी येत, बोलीसाठी मिळणारे एक्केचाळीस क्रमांकाचे पुठ्ठ्याचे कार्ड घेत, त्याने वारा घेत, सफरचंदाच्या सारणाची तळलेली करंजी खात आणि काहीही न घेता, सर्वांपुढे मान लववून परत जात.

परंतु मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्यांना काहीतरी खरोखरच हवे झाले.

त्यांची पत्नी अर्झेला तीन वर्षांपूर्वी वारली. जाताना तिने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: बिस्किट नावाच्या कुत्र्याला सोफ्यावर चढू द्यायचे नाही, आणि तिच्या आईपासून चालत आलेला गुलाबी टोमॅटो बंद पडू द्यायचा नाही. कुत्रा अंत्यविधीच्या संध्याकाळीच सोफ्यावर चढला. टोमॅटोचे बी ऑर्बींनी कागदी रुमालावर मोठ्या निष्ठेने वाळत ठेवले, आणि आठवड्याने न्याहारीनंतर त्याच रुमालाने तोंड पुसून तो चुलीत टाकला. तेव्हापासून तीन उन्हाळे ते दुकानातला टोमॅटो खात होते. त्याला ओल्या पुठ्ठ्याची चव होती, आणि ही शिक्षा आपल्याला योग्यच आहे असे त्यांना वाटे. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

त्या दिवशी करंजी कढईतून नुकतीच निघाली होती. ऑर्बींनी मोठा घास घेतला आणि त्याच क्षणी एझ्राने पुढच्या गाडीवरची चिठ्ठी वाचली:

"टोमॅटोची रोपं. लव्हायना श्लाबाककडची. नाव लिहिलंय, अर्झेलाचा गुलाबी."

ऑर्बींनी पाहिले. बटाट्यासारखी रुंद, कड न कापलेली ती पाने त्यांनी चाळीस उन्हाळे पाहिली होती. त्यांनी तत्काळ मान हलवली.

एझ्राने प्रेमाने उलट मान हलवली आणि पुकारा चालू ठेवला, "सहा डॉलर, सहा, सात कोण देतं? सात मिळाले!"

सात देणारा नॅशव्हिल शहरातून आलेला रोपवाटिकेचा मालक होता. इस्त्रीची विजार, काळा चष्मा. ऑर्बींनी मान जोराने हलवली. शेजारी बसलेला त्यांचा जुना मित्र डेल्मस म्हणाला, "कुणाला एवढं अभिवादन चाललंय रे? राज्यपाल आलेत का?"

ऑर्बींनी कार्ड उंच केले. डेल्मसने ते हातातून काढून स्वतःला वारा घेतला. "खरंच उकडतंय," तो म्हणाला.

ओरडावे तर तोंडात सारण, आणि ते सारण असे तप्त की गिळता येत नव्हते. थुंकून टाकावे तर ती करंजी करणारी लव्हायना, म्हणजे एझ्राची बायको, चार हातांवर उभी.

"आठ मिळाले! आठ एकवार..."

मान हललीच, पण कोणी तिच्याकडे पाहिलेही नाही. एकोणपन्नास वर्षांच्या सौजन्याचे हे फळ!

"आठ दोनवार..."

तेव्हा ऑर्बी टटल यांची मान थांबली. भीतीने, दुःखाने की पोळलेल्या जिभेने, हे सांगता येत नाही. पण ती खांबासारखी स्थिर झाली.

आधी डेल्मसच्या ध्यानात आले. त्याने कार्ड खाली ठेवले. "ए ऑर्बी? ऑर्बी! अरे, याची मान थांबली!"

मागच्या बाकावरची बाई किंचाळली, "अगं बाई! झटका आला की काय! कोणीतरी डॉक्टरांना बोलवा!"

"आडवं करा त्यांना!"

"टोपी काढा आधी!"

एझ्राचा पुकारा थांबला. अकरा वर्षांत तो मध्येच कधी थांबला नव्हता. गाडीचे घोडेसुद्धा वळून पाहू लागले. त्या शांततेत ऑर्बींनी डोळे मिटून सारण गिळले आणि म्हणाले, "मला ते टोमॅटो हवेत."

"मग बोली लावायची होती ना, मिस्टर ऑर्बी!"

"केव्हाची लावतोय!"

"मानेने?"

"मानेने."

"ती धरत नाही आम्ही," एझ्रा गंभीरपणे म्हणाला. "आठ झालेत. तोंडाने सांगा."

"नऊ."

सर्वांनी नॅशव्हिलकराकडे पाहिले. त्याने चष्मा काढला. मरणाच्या दारातून नुकत्याच परतलेल्या वृद्धाविरुद्ध बोली चढवणे त्या प्रांतात कुणालाच शोभत नाही. "घेऊ द्या काकांना," तो म्हणाला आणि मागे सरला.

"नऊ तीनवार! क्रमांक एक्केचाळीस!" एझ्राने हातोडा आपटला. "सोळा ट्रे!"

सोळा. बोली एका ट्रेची, पण गाडीवरचे सगळे ट्रे उचलायचे, हा तिथला नियम अकरा वर्षे दर मंगळवारी डोळ्यांपुढे असूनही ऑर्बी विसरले होते. त्यांना हवे होते एक रोप.

"आता शेत घे एक," डेल्मस म्हणाला.

ट्रे ऑर्बींच्या गाडीत चढवायला लव्हायना आली. "माझ्या दारी येऊन मागितलं असतं, मिस्टर ऑर्बी, तर फुकट दिलं असतं."

तुझ्याकडे हे बी आहे हेच मला ठाऊक नव्हते, असे ऑर्बी म्हणाले. मग त्यांनी कागदी रुमालाची सगळी हकीकत तिला सांगून टाकली.

लव्हायना हसली नाही; ओठ मात्र तिने घट्ट आवळले. "अर्झेलानं बी देतानाच सांगितलं होतं मला. म्हणाली, हा माणूस ते बी जाळणार, नाहीतर कुत्र्याला घालणार. तू लावत राहा. पण आपणहून सांगू नकोस. कबूल करू दे त्याला."

"तीन वर्षं?"

"ती म्हणाली होती, दोनेक वर्षं लागतील." तिने शेवटचा ट्रे नीट सरकवला. "कुत्रा कुठं झोपतो?"

ऑर्बी घाईघाईने गाडीत चढले. मान तेवढी हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली जुनी टपालाची वाट धरली. घरांपुढच्या टपालपेटीत टपालाखेरीज काही ठेवायचे नाही हा सरकारी नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता, म्हणून प्रत्येक पेटीच्या खांबाशी, जमिनीवर, त्यांनी दोन-दोन रोपे ठेवली. अंगणांतून हात उंचावले, मान लवली. आता रुमालाने तोंड कितीही वेळा पुसले तरी तो टोमॅटो दरीतून नाहीसा होणार नव्हता.

पुढच्या मंगळवारी एझ्राने आपली आज्ञा न्यायबुद्धीने सुधारली: "ऑर्बींची मान हलली तर धरायची नाही. थांबली तर ती बोली."

ही सुधारणा सर्वांना पटली, ऑर्बींनाही. मात्र त्या दुपारी ऊन चढले, कोंबडीचे जेवण अंमळ जास्त झाले आणि बाकावर त्यांचा डोळा लागला.

"ऊठ रे," डेल्मस त्यांना हलवत होता. "गाडी मागे लाव. मुळ्यांची बावीस खोकी घेतलीस तू."

ऑर्बी दचकून जागे झाले आणि जिवाच्या आकांताने मान हलवू लागले. पण ती आता कोण धरतो?