हसणारे पाहुणे

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या लाँड्रीवाल्याच्या डीव्हीडी अजून आहेत का?" मी "आहेत" म्हणाले आणि विषय बदलला. आहेत हे खरं. बारापैकी एकही चालत नाही, हेही खरं. फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

तो खोका तुमच्या बाबांनी इंग्लंडहून आणला होता. जुनी विनोदी मालिका. एक चिडका लाँड्रीवाला, त्याची कमी ऐकू येणारी बहीण, आणि रोज कुणाचे तरी कपडे भलत्याच घरी. मी नांदुऱ्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मला ते कळायचं. तुमच्या आजोबांचं आयुष्य इथे वडनेरला कपाशीत गेलेलं. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. तरी दुपारी चारला चहा घेऊन आम्ही दोघं बसायचो. मालिकेतले न दिसणारे प्रेक्षक हसले, की ते मला कोपरानं ढोसायचे.

"काऊन हासून राह्यले वं ते?"

मग मी रिमोटनं चित्र थांबवून सांगायची, की पाद्र्याच्या घरी नाचणारणीचा झगा गेला. "हात् तिच्या!" म्हणून ते हसायचे. प्रेक्षकांपेक्षा मिनिटभर उशिरा, पण त्यांच्याहून मोठ्यानं. "मास्तरीण, तू सांगतं तेच जास्त मजेचं राहते," म्हणायचे. मास्तरीण ही मला त्यांची लग्नापासूनची हाक.

पुढे त्यांची आठवण जायला लागली. आधी शेताचा रस्ता गेला, मग तुमची नावं, मग तुमचे बाबा. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दिवसभर ते गप्प बसत आणि माझ्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहत. पण चारला मालिका लावली आणि ते प्रेक्षक हसले, की हेही हसत. आता उशीर न लावता. एक दिवस हसता हसता माझ्याकडे वळून म्हणाले, "अवं मास्तरीण, एवढे पाहुणे आले न् तू बसून राह्यली? चाय मांड ना."

"अहो, ते टीव्हीतले लोक आहेत."

"मंग टीव्हीतल्यायले चाय नाही लागत काय?"

मी उठून चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवसातून तेवढं एकदा ते मला ओळखत. त्या एका हाकेसाठी मी रोज चारला पाहुणे बोलावत होते.

मग तबकड्या अडकू लागल्या. आधी चित्राचे चौकोन झाले, मग आवाज तुटू लागला. नांदुऱ्याला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांकडे खोका घेऊन गेले. त्यांनी एकेक तबकडी उजेडात धरली.

"बाई, ह्या पुसता काय तुमी?"

"दर रविवारी. मऊ फडक्यानं."

"गोल गोल?"

"हो. ताट पुसतात तशा."

"तेच झालं ना मंग. मधातून काठाकडे सरळ पुसा लागते. गोल चरे पडले, का गेली. आता काई होत नाही ह्याचं."

घरात धूळ म्हणून नसावी, हा माझा हट्ट तुम्हाला माहीत आहे. कुणी सांगितलेलं नसताना, बारा तबकड्या मी निगुतीनं पुसून पुसून संपवल्या.

तुमच्या बाबांनी फोनवर मालिकेची लिंक पाठवली. 'ही मालिका तुमच्या देशात उपलब्ध नाही', एवढंच इथे पडद्यावर दिसलं. नवा खोका आता कुठे मिळत नाही. एका तबकडीचं फक्त सुरुवातीचं पान लागायचं, जिथे भाग निवडायचे असतात. तिथे थोडं संगीत आणि थोडं हसणं पुन्हा पुन्हा वाजतं. मी तेच लावून ठेवलं. दोन दिवस ते हसले. तिसऱ्या दिवशी आखडून बसले आणि दाराकडे पाहू लागले.

"हे मलेच हासून राह्यले."

मी टीव्ही बंद केला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट, सभ्यपणे.

"बाकीचे गेले. तुमी काऊन थांबल्या, बाई?"

तुमच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे, म्हणून हे समजावून सांगावं लागतं. आजोबांनी मला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून 'तुमी'च आहे. मास्तरीण पुन्हा आली नाही.

अजूनही चारला मी दोन कप चहा करते आणि त्यांच्यासमोर बसते. टीव्हीवर कापड घातलं आहे. काल त्यांनी पुन्हा विचारलं, कोणाची वाट पाहून राह्यल्या? मी म्हटलं, "चहा घेते आणि निघते."

"घ्या ना, बसा," ते म्हणाले. "आमच्या घरचे येतीनच आता."