पेनराल्तचा श्वास

तेगवेन माणसांपेक्षा गाईंशी जास्त बोलते. गाते मात्र दोघांपुढे सारख्याच आवाजात. आमच्या अबेरवेन गावात चर्चच्या मागे जो चढ आहे, त्याच्या माथ्यावर तिचं शेत आहे, पेनराल्त. शेताच्या वरच्या बांधावरून खाली पाहिलं की आधी चर्चचं छप्पर, मग दहा-बारा घरं, आणि त्यांच्यापलीकडे एकदम समुद्र.

इथे आडनावाचा कुणाला उपयोग नाही. निम्मं गाव जोन्स, उरलेलं डेव्हिस. म्हणून माणसाला घराचं नाव लावतात, नाहीतर धंद्याचं. ती तेगवेन पेनराल्त, तिचे भाऊ इद्रिस पेनराल्त आणि गितो पेनराल्त. टपाल वाटतो तो ह्यू टपाल. माझे यजमान इथे डॉक्टर होते, म्हणून मी डॉक्टरीणबाई. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझं नाव काही कुणी बदललं नाही.

तिघा भावंडांपैकी कुणीच लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं, तर तेगवेन म्हणाली, "कधी करायचं? सकाळी दूध काढा, संध्याकाळी दूध काढा, मधल्या वेळात गवत. नवरा ठेवायचा कुठे?"

"गोठ्यात जागा होती," गितो म्हणाला.

"तिथे तू होतास."

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एकच मौल्यवान गोष्ट होती, ती म्हणजे एक गाणं.

नाताळानंतर आमच्या भागात गावोगावच्या चर्चमधून प्लगाइन होतं, म्हणजे नाताळची जुनी गाणी गायला गाव जमतं. आमच्या गावात अजून जुन्या पद्धतीने पहाटेच होतं, अंधारात, मेणबत्त्यांच्या उजेडात. काकडआरतीची वेळ, आणि थंडी मात्र हाडात शिरणारी. पाद्रीबाई लहानशी प्रार्थना म्हणतात, "प्लगाइन सुरू झालं" एवढं सांगतात आणि बाजूला होऊन बसतात. तिथून पुढे कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. पेटी नाही, ऑर्गन नाही. कुठल्यातरी बाकावर हालचाल होते, तिघं-चौघं उठून पुढे जातात, खांद्याला खांदा लावून उभी राहतात, एक जण हलकेच सूर देतो आणि गाणं सुरू होतं. संपलं की आपापल्या जागी परत. टाळ्या नाहीत. नुसती शांतता, आणि त्या शांततेतून पुढचे कुणीतरी उठतात.

नियम एकच. एकदा गायलं गेलेलं गाणं त्या पहाटे पुन्हा गायचं नाही. म्हणून प्रत्येक घराचं गाणं ठरलेलं असतं आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. मायदेशी माझ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पियानोवर बसून आमच्याकडून नाताळची गाणी घोटून घेत. इथे पहिल्यांदा प्लगाइन ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दिवसभर मेंढरांमागे फिरणारी, रस्त्यात भेटल्यावर हवापाण्यापलीकडे न बोलणारी माणसं, आणि त्यांच्या छातीतून हे निघतं! इतक्या वर्षांत तो काटा काही बोथट झालेला नाही.

पेनराल्तचं गाणं बारा कडव्यांचं आहे. आदमच्या पापापासून सुरुवात होते, मधे बेथलेहेम येतं, आणि शेवट थेट क्रूसापाशी आणि रिकाम्या थडग्यापाशी. तिघांना ते वडिलांनी, इव्हाननी, गोठ्यात शिकवलं, धार काढता काढता. इव्हान तरुणपणी पाटीच्या दगडाच्या खाणीत होते. ती धूळ त्यांच्या छातीत कायमची बसली. त्यामुळे प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीत त्यांचा दम संपे आणि ते एका शब्दाच्या ऐन मध्यात थांबून श्वास घेत. मुलांनी गाणं उचललं ते त्या श्वासासकट. ऐकणाऱ्याला ठेच लागल्यासारखं होई, पण गावाला त्याचीच सवय झाली होती.

वडील गेल्यावर गितो एकदा म्हणाला होता, "आपल्याला ती ओळ एका दमात होते की."

"आपल्याला होते," तेगवेन म्हणाली. "बाबांना होत नव्हती."

पुन्हा तो विषय निघाला नाही.

इव्हानच्या शेवटच्या हिवाळ्यात कुणी एक शहरातला माणूस टेप करण्याचं यंत्र घेऊन जुनी गाणी गोळा करत आला होता. इव्हान आणि दोन्ही मुलगे गोठ्यातच गायले, कारण धार काढायची वेळ झाली होती. सहावं कडवं संपतंय तोच मारी नावाच्या गाईने यंत्राला लाथ घातली. "राहिलेलं पुढच्या वर्षी," इव्हान म्हणाले. पुढच्या वर्षी ते नव्हते. ही हकिगत गितो हसून सांगत असे, आणि तेगवेन न हसता ऐकत असे.

माझी गाडी आली तेव्हापासून जानेवारीतल्या प्रत्येक प्लगाइनला या तिघांना मीच नेत असे. इद्रिस धिप्पाड, म्हणून तो पुढे माझ्याशेजारी. मागे गितो आणि तेगवेन. या किनाऱ्याची सगळी लहान गावं मी तेगवेनच्या सांगण्यावरून पाहिली. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे एका गाडीपुरता रस्ता, आणि मागून तिचा आवाज. "आता मेगन पडली होती त्या वळणावर डावीकडे."

"कोण मेगन?"

"तू यायच्या आधीची. घे डावीकडे."

आणि डावीकडे वळलं की खरंच पाच घरं, एक चर्च, म्हाताऱ्या वृक्षांचं रिंगण आणि त्यांच्या फटीतून चांदीच्या पत्र्यासारखा समुद्र. प्रत्येक वेळी मला वाटे, एवढं सगळं इथे होतं, आणि जगाला पत्ता नाही!

गेल्या ऑक्टोबरात इद्रिस गेला. बटाटे काढून झाल्यावर बांधावर टेकला, तो उठलाच नाही. त्याचा आवाज सगळ्यांत खालचा, खर्जातला. बाकी दोघांचे सूर त्याच्यावर उभे असत.

डिसेंबरात मी पेनराल्तच्या स्वयंपाकघरात चहाला बसले होते, तेव्हा गितोने विषय काढला.

"यंदा नको."

"का?" तेगवेनने पाव कापणं थांबवलं नाही.

"तीन आवाजांचं गाणं दोघं कसं गाणार?"

"आजोबांच्या वडिलांपासून एकही वर्ष रिकामं गेलेलं नाही."

"त्यांच्याकडे माणसं होती. आपल्या मागे कोण आहे? तू, मी आणि अठरा गाई."

मी मधे पडले. "ह्यू टपालचा आवाज चांगला आहे. त्याला विचारलं तर?"

"आवाज आहे," तेगवेन म्हणाली. "पण पाकिटं मोजतोय तसा गातो. आणि बाबांचा श्वास तो कुठून आणणार? त्याला सांगू, बाबा रे, इथे खोकला आल्यासारखं कर?"

"लंगडं गाणं ऐकवण्यापेक्षा न गायलेलं बरं," गितो म्हणाला.

"मग तू बस बाकावर. मी एकटी उभी राहीन."

"मेंढी परवडली हिच्यापेक्षा," गितो माझ्याकडे बघून म्हणाला. "मेंढीला निदान कुत्र्याची भीती असते."

तेगवेनने पावाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. गाणं यंदा चुकलं तर ते पुन्हा कधीच उभं राहणार नाही, हे तिला आमच्या दोघांपेक्षा चांगलं कळत होतं.

प्लगाइनच्या पहाटे गवतावर दहिवर गोठलं होतं. खाली समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. चर्च भरलं होतं. मी तेगवेनच्या शेजारी, पलीकडे गितो, आपला इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. म्हणजे तो गाणार होता तर. कबूल करणं त्याच्या स्वभावात नाही.

दोन-तीन घरांची गाणी झाली. पेनराल्तचे नेहमी जरा उशिरा उठत. एवढ्यात मागच्या बाकावरून चौघं पुढे गेली. डोंगरापलीकडच्या कुमदू गावची. दोघी बहिणी, एकीचा नवरा, आणि कारविन नावाचा रुंद खांद्यांचा माणूस, जो त्या बाजूला कचऱ्याची गाडी चालवतो. आमच्याकडे ती पहिल्यांदाच गात होती. कारविनने सूर दिला आणि पहिली ओळ सुरू झाली.

ते पेनराल्तचं गाणं होतं.

कुणी मान वळवली नाही, पण सगळ्या माना ताठ झालेल्या मला दिसल्या. गितो पुटपुटला, "आपलं आहे हे."

"गप," तेगवेन म्हणाली.

आता नियमाप्रमाणे सगळं संपलं होतं. गायलेलं गाणं पुन्हा गाता येत नाही. त्या चौघांना कल्पना नव्हती. चेहऱ्यांवर निष्पाप आनंद होता. तेगवेनने काढून ठेवलेले हातमोजे उचलले आणि एकेक बोट नीट करत पुन्हा घालायला लागली. तिच्याकडे बघवेना म्हणून मी मेणबत्तीकडे बघत राहिले.

मग तिसरी ओळ आली, आणि एका शब्दाच्या ऐन मध्यात ती चौघंही थांबली. श्वास घेतला. उरलेला शब्द पुरा केला.

तेगवेनचे हात तिथेच राहिले.

चांगल्या धडधाकट छातीची चार माणसं, आणि खाणीतल्या धुळीने गुदमरलेल्या, कधीच मातीत गेलेल्या एका माणसाचा श्वास त्यांच्या छातीतून वर येत होता. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तिथेच. तिसऱ्यात पुन्हा. माझा देवावरचा विश्वास वर्षागणिक कमी-जास्त होत आलेला आहे, पण त्या पहाटे माझे हात आपोआप जुळले.

सहाव्या कडव्यात मेंढपाळ बेथलेहेमला जायला डोंगर उतरू लागतात. ते कडवं संपलं. चौघांनी माना किंचित झुकवल्या आणि ती जागेवर परत निघाली. मारीची लाथ तिथेच बसली होती! शहरातल्या त्या माणसाच्या टेपवर होतं तेवढंच ती शिकली होती.

तेगवेन उठली. पुढे गेली नाही. समोरच्या बाकाची पाठ धरून, एक हातमोजा घातलेला आणि एक मांडीवरून खाली पडलेला, अशी उभी राहून तिने सातवं कडवं सुरू केलं.

सातवं कडवं कुणी गायलेलं नव्हतं. नियम कुठेही मोडत नव्हता. पाद्रीबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

दुसऱ्या ओळीला गितो उभा राहिला. दोन म्हातारे आवाज, मधे मोठी पोकळी. चौघं वाटेतच थबकली होती. कारविनला पुढचे शब्द येत नव्हते, पण चाल तीच होती. त्याने तोंड मिटून नुसता खालचा सूर धरला. तो सूर चर्चच्या फरशीखालून आल्यासारखा वर आला आणि दोघांचे आवाज त्याच्यावर उभे राहिले. तिसरी ओळ आली. तिघंही त्याच शब्दात तुटली, त्याच जागी श्वास घेतला.

आठवं, नववं, दहावं. मेंढपाळ पोचले, मूल मोठं झालं, क्रूस उभा राहिला. पूर्वेकडची खिडकी आधी राखाडी झाली, मग दुधाळ. बाराव्या कडव्याला थडगं उघडलं, तेव्हा मेणबत्त्यांची गरज उरली नव्हती. गाणं थांबलं. इतकी शांतता झाली की खालच्या खडकांवर फुटणारी लाट आणि ती परत जाताना खळखळणारे गोटे, दोन्ही वेगवेगळे ऐकू आले. पुढचे गायला उठायला बराच वेळ लागला.

नंतर हॉलमध्ये चहा, हॅम घातलेले पाव आणि मनुकांचा केक होता. कारविन हातात ताटली घेऊन तेगवेनपुढे येऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण कान लाल झाले होते.

"बाई, चूक झाली. इद्रिस गेले तेव्हा ऐकलं होतं की पेनराल्तचे आता संपले."

"अर्धेच," गितो केक खात म्हणाला.

"माझ्या मेंढपाळांना अर्ध्या डोंगरात सोडून निघाला होतात," तेगवेन म्हणाली. "थंडीत!"

"आम्हाला वाटलं, तेवढंच आहे. टेपवर धाडकन काहीतरी आदळतं आणि बंद होतं."

"ती मारी."

"कोण मारी?"

"गाय. नंतर सांगेन. आधी हे सांग, तिसऱ्या ओळीत मधेच थांबता कशाला? बैलासारखी छाती आहे तुझी."

कारविन गोंधळला. "टेपवर तसंच आहे. आम्हाला वाटलं, ती चालच तशी आहे."

तेगवेनने चहाचा कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "चालच तशी आहे."

गितो खिडकीबाहेर बघायला लागला.

"मंगळवारी ये," ती पुढे म्हणाली. "संध्याकाळी, धारेच्या वेळी. सहा कडवी राहिलीत तुझी. आणि रबरी बूट घालून ये, आमचा गोठा तुझ्या कचऱ्याच्या गाडीपेक्षा स्वच्छ नाही."

पुढच्या रविवारी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावात प्लगाइन होतं. मी गाडी घेऊन वर गेले तेव्हा तिघं फाटकापाशी उभी होती. इद्रिस गेल्यापासून माझ्याशेजारची जागा रिकामी असे. तेगवेन कधी तिथे बसली नाही, गितोलाही बसू दिलं नाही. कारविन मागचं दार उघडून, गुडघे दुमडून आत शिरायच्या खटपटीत होता.

"तिथे कुठे घुसतोस?" तेगवेन त्याला म्हणाली. "पुढे बस."